केळी, काटा आणि टेप

लष्करभरतीच्या दिवशी आमच्या भागातल्या एसटी स्टँडवर पहाटेच केळ्यांची गाडी रिकामी व्हायची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात मी तीसेक वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. पोरं भरतीला निघाली की जाताना घरी येऊन पाया पडून जायची. एका वर्षी असाच एक मुलगा आला, तर त्याच्या पिशवीत दोन डझन केळी. मी म्हटलं, "अरे, एवढी कुणासाठी?" तर म्हणतो, "सर, दीड किलो कमी भरतोय. मैदानाच्या दारात बसून खाणार आणि वर दोन बाटल्या पाणी पिणार."

त्या काळी आमच्याकडच्या मुलांना शिपाई व्हायचं तर साधारण ५० किलो वजन, १६८ सेंटिमीटर उंची आणि ७७ सेंटिमीटर छाती लागायची, फुगवल्यावर आणखी ५. हा पोरगा पळण्यात साऱ्या तालुक्यात पहिला. रोज पाच मैल चालत शाळेत यायचा. पण काट्याला ते कसं कळणार? काट्याला फक्त किलो कळतात.

हे सगळं आठवायचं कारण एक बातमी. २०२५ च्या ३० सप्टेंबरला अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी जगभरातले आपले सेनापती आणि ॲडमिरल व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावर बोलावून घेतले आणि भर सभेत सांगितलं की, लठ्ठ सैनिक आणि लठ्ठ सेनापती बघवत नाहीत, यापुढे सगळ्यांनी वर्षातून दोनदा वजन-उंचीची आणि व्यायामाची परीक्षा द्यायची. मला गंमत वाटली. आमची पोरं दीड किलोसाठी केळी खातात आणि तिकडे जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याला पोटाची चिंता! पण इतिहासाच्या मास्तरला एवढ्यावर गप्प बसवत नाही. सैनिकाला काट्यावर उभं करण्याची ही पद्धत आली कुठून, आणि त्या काट्याने आजवर काय काय केलं, ते वाचत गेलो. जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

सुरुवात बेल्जियममध्ये होते. ॲडॉल्फ केटले नावाचा एक गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ होता. आकाशातले तारे मोजता मोजता त्याला माणसं मोजायचा नाद लागला. पण एकाच वेळी हजारो माणसांची मापं मिळणार कुठे? सैन्यात. एडिंबरोच्या एका वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडच्या ५७३८ सैनिकांच्या छातीची मापं छापून आली होती, ती त्याने घेतली. फ्रान्समधल्या सक्तीच्या भरतीतल्या एक लाख तरुणांच्या उंचीचे आकडे घेतले. ते मांडताना त्याच्या लक्षात आलं की, १ मीटर ५७ सेंटिमीटर या किमान उंचीच्या जरा खाली जितकी माणसं असायला हवीत त्यापेक्षा पुष्कळच जास्त आहेत, आणि जरा वर तितकीच कमी. म्हणजे सुमारे २००० तरुण गुडघे वाकवून किंवा मोजणाऱ्याला खूश करून बुटके ठरले होते आणि लढाईतून सुटले होते. आमची पोरं केळी खाऊन जड व्हायची, ती अंग चोरून बुटकी व्हायची. माप आलं की मापाला फसवणं आलंच, ही गोष्ट तेव्हापासूनची.

याच केटलेने १८३० च्या दशकात सांगितलं की, मोठ्या माणसाचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. आज डॉक्टर ज्याला बीएमआय म्हणतात ते हेच गणित. बीएमआय हे नाव मात्र १९७२ मध्ये अँसल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. (दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या खिशात असायचा तो 'के रेशन' नावाचा डबा, तोही याच कीजच्या संशोधनातून आला.) केटलेला हजारो माणसांची सरासरी हवी होती. समोर उभा असलेला एक माणूस लायक की नालायक हे ठरवण्यासाठी त्याने ते गणित मांडलं नव्हतं. पण गणित एकदा मांडलं की ते कुणाच्या हाती पडेल हे मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही.

मग इंग्लंड. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध झालं. कारखान्यांच्या शहरांतून तरुण भरतीला आले, ते बघून अधिकारी हादरले. छाती भरेना, वजन भरेना, दात किडलेले, पाय वाकडे. ज्या साम्राज्यावर सूर्य मावळत नव्हता त्याच्या राजधानीच्या गल्लीबोळांत पोरं अर्धपोटी वाढत होती, हे त्या साम्राज्याला भरतीच्या काट्याने सांगितलं. १९०४ मध्ये एका सरकारी समितीने या 'शारीरिक ऱ्हासा'वर अहवाल दिला. त्यातून १९०६ मध्ये गरीब मुलांना शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला आणि १९०७ च्या कायद्याने शाळेत डॉक्टरांकडून तपासणी सुरू झाली. मी हे वाचून थोडा वेळ थांबलो. शाळेतल्या जेवणाचा उगम दयेत असेल असं मी धरून चाललो होतो. निघाला तो बंदुकीच्या गरजेत.

अमेरिकेत याच सुमाराला एक वेगळाच प्रकार घडला. थिओडोर रूझवेल्ट तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. पाहणीत त्यांना असं दिसलं की, घोडदळाचे काही अधिकारी खुर्चीत बसून इतके सुस्तावले आहेत की घोडा दौडवणंही त्यांना झेपत नाही. त्यांनी काटा आणला नाही. १९०८ च्या सुमारास फर्मान काढलं की, अधिकाऱ्यांनी तीन दिवसांत ९० मैल घोड्यावरून जाऊन दाखवायचं आणि नौदलवाल्यांनी तीन दिवसांत ५० मैल चालून दाखवायचं. लगेच ओरड सुरू झाली की हा छळ आहे. रूझवेल्ट तेव्हा पन्नाशीचे आणि अंगाने चांगलेच भरलेले. १३ जानेवारी १९०९ च्या पहाटे ते वॉशिंग्टनहून घोड्यावर निघाले, व्हर्जिनियातल्या वॉरेंटन गावी गेले आणि बर्फाच्या माऱ्यात रात्री परत आले. जाऊन-येऊन जवळपास १०० मैल, एकाच दिवसात! ओरड आपोआप थंडावली.

मला हा प्रसंग फार आवडला. काट्यावर उभे राहिले असते तर रूझवेल्ट कदाचित नापास झाले असते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता : 'काम जमतं का?' पुढच्या शंभर वर्षांत हा प्रश्न हळूहळू मागे पडला आणि 'किती भरतो?' हा पुढे आला. त्याचं कारणही उघड आहे. ९० मैल घोडा दौडवून घ्यायला तीन दिवस लागतात, काट्यावर उभं करायला दहा सेकंद.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला काही वर्षांत लाखो तरुण तपासायचे होते. तेव्हा दहा सेकंदच परवडत होते. उंची किमान ५ फूट, वजन किमान १०५ पौंड (म्हणजे साधारण ४८ किलो), आणि पुढे उंचीप्रमाणे तक्ता. मंदीची दहा वर्षं नुकतीच सरली होती, त्यामुळे भीती होती ती हडकुळेपणाची. सिनेमातला प्रसिद्ध नट जेम्स स्टुअर्ट सव्वासहा फूट उंच आणि काडीसारखा. वजन कमी म्हणून सैन्याने त्याला परत पाठवलं. त्याने भरपूर खाऊन अंग वाढवलं, १९४१ च्या मार्चमध्ये पुन्हा गेला आणि या वेळी कसाबसा उतरला. पुढे त्याने बॉम्बफेकी विमानातून जर्मनीवर २० मोहिमा केल्या. म्हणजे केळ्यांची परंपरा हॉलिवूडमध्येही होती म्हणायची!

दुसरा माणूस टेक्ससचा ऑडी मर्फी. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबातला मुलगा. बाप घर सोडून गेला, आई १९४१ मध्ये वारली. पाचवीत शाळा सुटली, आणि भावंडांच्या पोटासाठी हा ससे-खारी मारून आणायचा. त्यातूनच नेम पक्का झाला. युद्ध सुरू झालं तेव्हा त्याची उंची साडेपाच फूट आणि वजन ११२ पौंड, म्हणजे ५१ किलो. मरीन दलाने नाही म्हटलं, छत्रीधारी दलाने नाही म्हटलं. वय कमी होतं, तेही बहिणीच्या सहीने वाढवावं लागलं. शेवटी १९४२ मध्ये पायदळाने घेतलं. २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समधल्या होल्ट्सविहर गावाजवळ सहा जर्मन रणगाडे आणि त्यांच्यामागचं पायदळ चालून आलं, तेव्हा या पोराने आपल्या माणसांना मागे पाठवलं, स्वतः पेटलेल्या रणगाडाभेदी गाडीवर चढला आणि तिच्यावरच्या मशीनगनने जवळपास तासभर एकट्याने त्यांना रोखलं. पायाला जखम झालेली असताना! त्याला अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, मिळालं. भरतीच्या टेबलावर हा 'फारच लहान' होता.

युद्ध संपल्यावर अमेरिकेने इंग्लंडचाच धडा गिरवला. कुपोषणामुळे परत पाठवलेल्या तरुणांचा विषय सैन्यभरतीचे प्रमुख जनरल हर्शी यांनी संसदेच्या समितीपुढे मांडला होता. ४ जून १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी शाळेतल्या जेवणाच्या कायद्यावर सही केली. त्या कायद्याच्या सुरुवातीलाच मुलांच्या जेवणाचा संबंध राष्ट्राच्या सुरक्षेशी जोडलेला आहे.

आता याच युद्धातली एक गोष्ट, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला.

अल्बर्ट बेन्के हे अमेरिकी नौदलातले डॉक्टर. त्यांचं काम पाणबुड्यांचं, म्हणजे खोल पाण्यात उतरणाऱ्या माणसांचं. १९३९ मध्ये 'स्क्वालस' ही पाणबुडी बुडाली तेव्हाच्या कामगिरीतही ते होते. खोल पाण्यात दाबामुळे हवेतला नायट्रोजन अंगात विरघळतो आणि माणूस झपाट्याने वर आला की त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेततं. हा नायट्रोजन पाण्यापेक्षा चरबीत कितीतरी जास्त विरघळतो. त्यामुळे कुणाच्या अंगात चरबी किती हे बेन्केंना कळणं गरजेचं होतं. नुसत्या वजनाचा काही उपयोग नव्हता. मग त्यांनी आर्किमिडीजची जुनी युक्ती वापरली. माणसाला आधी हवेत तोलायचं, मग पाण्यात बुडवून तोलायचं. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. दोन वजनांतल्या फरकावरून शरीराची घनता निघते आणि घनतेवरून चरबीचा अंदाज.

१९४२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ व्यावसायिक फुटबॉलपटू तपासले. अमेरिकन फुटबॉल म्हणजे एकमेकांवर आदळण्याचा खेळ, तो खेळणारी माणसं म्हणजे आपल्याकडचे तालमीतले पैलवानच. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे त्या २५ पैकी १७ जण लष्करी सेवेला अपात्र ठरत होते. कारण? वजन जास्त. पाण्यात तोलल्यावर दिसलं की बहुतेकांच्या अंगात चरबी अगदी थोडी आहे. वजन आहे ते सगळं स्नायूंचं. म्हणजे देशातले सर्वांत दणकट पुरुष तक्त्याच्या दृष्टीने लठ्ठ होते!

शाळेतली गोष्ट सांगतो. माझ्याकडे एक विद्यार्थी होता. शिवकालातला कुठलाही किल्ला विचारा, तो कुणी कधी घेतला, तह काय झाला, धडाधड सांगायचा. परीक्षेत मात्र पस्तीसच्या आसपास, कारण अक्षर वाईट आणि लिहिण्याचा वेग कमी. मी त्याच्या प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षं 'साधारण' असा शेरा लिहिला. मला त्याचं ज्ञान मोजायचं होतं, पण माझ्या हातात होतं ते अक्षर मोजायचं यंत्र. बेन्केंच्या त्या १७ जणांबद्दल वाचलं तेव्हा मला तो मुलगा आठवला. असो.

बेन्केंचं म्हणणं सैन्याला पटायला चाळीस वर्षं गेली. १९७३ मध्ये अमेरिकेत सक्तीची भरती बंद झाली. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सैनिकांच्या तब्येतीचा आढावा घ्यायला सांगितलं. १९८१ मध्ये संरक्षण खात्याने आदेश काढला, त्याचं सार असं की, निवाडा नुसत्या वजनावर नको, चरबीवर व्हावा. तत्त्व उत्तम. पण प्रत्येक छावणीत पाण्याची टाकी कुठून आणायची आणि लाखो सैनिक त्यात बुडवायचे कुणी? म्हणून सोपा उपाय शोधला गेला. शिंप्याची टेप! नौदलाच्या संशोधकांनी १९८४ मध्ये गणित बसवलं. पुरुषाच्या पोटाचा घेर घ्यायचा, त्यातून मानेचा घेर वजा करायचा आणि उंचीशी ताडून टक्केवारी काढायची. बायकांसाठी कमरेचं आणि नितंबांचं मापही धरायचं. पायदळाने आधी चिमट्याने कातडीची जाडी मोजून पाहिली, मग १९८६ च्या सुमारास तेही टेपवर आले.

अशा रीतीने अमेरिकी सैन्याचा वजन-नियंत्रणाचा कार्यक्रम उभा राहिला. त्याची रीत अशी होती. आधी उंची-वजनाचा तक्ता. त्यात बसलात तर सुटलात. नाही बसलात तर टेप. पायदळात विशीच्या आतल्या पुरुषाला २० टक्के चरबीची मुभा, वय वाढेल तशी वाढत चाळिशीनंतर २६. बायकांना ३० पासून ३६ पर्यंत. टेपमध्येही नापास झालात की तुमच्या नावावर खूण लागायची. मग बढती नाही, पुढच्या प्रशिक्षणाला पाठवणी नाही. आहाराचा सल्ला मिळायचा, व्यायामाचा आराखडा करावा लागायचा आणि दर महिन्याला ३ ते ८ पौंड वजन किंवा १ टक्का चरबी कमी करून दाखवावी लागायची. लागोपाठ दोन महिने जमलं नाही आणि डॉक्टरांना काही आजार सापडला नाही, तर सैन्यातून नारळ मिळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकायची.

कागदावर हे सगळं शहाणपणाचं दिसतं. पण पोटातून मान वजा करायची म्हटल्यावर काय होईल? सैनिकांनी मान जाड करायचे व्यायाम सुरू केले! मोजणीच्या आधी कुणी पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून घाम काढला, कुणी रेचक घेतलं, कुणी दोन-तीन दिवस पाणीसुद्धा तोडलं. सैनिकांच्या खाण्याच्या सवयींवर जे अभ्यास झाले त्यांत हे प्रकार नोंदलेले आहेत. मोजणीचा दिवस संपला की तोच माणूस भुकेला होऊन जेवणावर तुटून पडणार आणि सहा महिन्यांनी पुन्हा तेच. वजन ताब्यात ठेवण्यासाठी काढलेला कार्यक्रम काही जणांना वजनाशी झोंबाझोंबी शिकवत होता. बाळंत झालेल्या सैनिक स्त्रियांचं तर काय सांगावं! पायदळात त्यांना या मोजणीतून सहा महिन्यांची सूट होती. ती पूर्ण एक वर्षाची व्हायला २०२२ साल उजाडलं.

आणि टेपही चुकायचीच. एकाच सैनिकाला दोघांनी मोजलं तर दोन आकडे येणार. कुणी जरा घट्ट धरणार, कुणी सैल. कपडे शिवायला टाकताना आपला अनुभव हाच असतो. इथे मात्र अर्ध्या इंचाने पँट बिघडत नव्हती, माणसाची नोकरी जात होती.

सैन्यालाही हे हळूहळू उमगत गेलं. २०१७ पासून मरीन दलाने ठरवलं की, व्यायामाच्या परीक्षांत ३०० पैकी २८५ गुण मिळवणाऱ्याला वजनाची मर्यादा लावायची नाही. २०२३ मध्ये पायदळाने तसंच केलं. तेव्हाच्या परीक्षेत ६०० पैकी ५४० गुण आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवणाऱ्याला टेप माफ. त्याच वर्षी मानेचं मापही गेलं, बेंबीपाशी एकच घेर घ्यायचं ठरलं. हवाई दलाने तर कमरेचा घेर उंचीच्या किती पट आहे एवढंच बघायला सुरुवात केली. १९०९ साली बर्फातून घोडा दौडवणाऱ्या रूझवेल्टांचा प्रश्न, 'काम जमतं का?', असा शंभर वर्षांनी परत आला.

म्हणून टेप वाईट आणि पोट चांगलं असं मला म्हणायचं नाही. पाठीवर तीस-चाळीस किलोचं ओझं घेऊन डोंगर चढायचा, जखमी सोबत्याला उचलून आणायचं, तिथे सुटलेलं पोट हे स्वतःवर आणि दुसऱ्यावर संकट आहे. अमेरिकेची अडचण खरी आहे. २०१० मध्ये तिथल्या निवृत्त सेनापतींच्या एका संघटनेने अहवाल काढला, त्याच्या नावाचा अर्थच 'लढायला फार लठ्ठ' असा होतो. १७ ते २४ वयातले २७ टक्के तरुण नुसत्या वजनामुळे सैन्याच्या कामाचे नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. आणि उपाय काय सुचवला? शाळेतलं जेवण सुधारा! १९४६ मध्ये मुलं वाळलेली म्हणून सेनापती शाळेच्या स्वयंपाकघरात डोकावले, २०१० मध्ये सुजलेली म्हणून. दोन्ही वेळा दोष पोरांच्या ताटातच सापडला. मंदीच्या काळात ताट रिकामं होतं. पुढे ते तळलेल्या आणि गोड पदार्थांनी भरलं. सैन्याचा काटा एका शिपायाबद्दल चुकू शकतो, पण साऱ्या देशाच्या पिढीबद्दल तो सहसा खोटं बोलत नाही. केटलेचं गणित ज्या कामासाठी होतं ते हेच.

२०२० च्या एका सरकारी पाहणीत तर ७७ टक्के अमेरिकन तरुण कुठल्या ना कुठल्या कारणाने सवलतीशिवाय भरतीला अपात्र ठरले; एकच कारण असलेल्यांत सर्वांत मोठा गट जास्त वजनवाल्यांचा, ११ टक्के. २०२२ मध्ये पायदळाला ६०,००० माणसं हवी होती, त्यात १५,००० कमी पडली. आणि तेव्हा त्यांनी जे केलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो.

त्यांनी शाळा काढली!

२०२२ च्या ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट जॅक्सन इथे हा पूर्वतयारी वर्ग सुरू झाला. त्याच्या दोन तुकड्या. एक, लेखी परीक्षेत थोडक्यात हुकलेल्यांची. दुसरी, अंगातली चरबी प्रवेशाच्या मर्यादेपेक्षा थोडी, सुरुवातीला ६ टक्क्यांपर्यंत, जास्त असलेल्यांची. मुदत ९० दिवसांपर्यंत. रोज व्यायाम, नेमकं जेवण, काय खावं आणि का खावं याचे धडे, वेळेवर झोप. जमलं की खऱ्या सैनिकी प्रशिक्षणाला रवानगी. २०२४ मध्ये पायदळाने ५५,००० च्या भरतीचं लक्ष्य गाठलं, त्यात जवळपास पाव हिस्सा या वर्गातून आलेला होता. सगळं आलबेल होतं असं नाही. मर्यादेपलीकडच्या मुलांनाही आत घेतलं जातं, असा ठपका २०२५ मध्ये संरक्षण खात्याच्याच महानिरीक्षकांनी ठेवला. शाळा म्हटली की पटसंख्या वाढवण्याचा मोह आलाच, तो आम्हाला काय नवीन आहे!

तरीही मला ही गोष्ट मोठी वाटते. जवळपास दोनशे वर्षं सैन्याचा काटा एकच काम करत होता, 'तू चालशील, तू नको' असं सांगण्याचं. नापास झालेल्याचं पुढे काय, हा प्रश्न त्याचा नव्हता. माणसं कमी पडल्यावर का होईना, पण हुकलेल्या पोराला तीन महिने जवळ ठेवून शिकवावं हे त्याला सुचलं. मोजणं सोपं असतं. मोजून झाल्यावर शिकवणं अवघड, आणि खरं काम तेच. मी तीस वर्षांत किती मुलांच्या नावापुढे शेरा लिहून वही मिटली आणि किती जणांना त्यानंतर जवळ बसवलं, याचा हिशेब मांडायला बसलो तर तो फारसा सुखाचा नाही.

केळीवाल्या मुलाचं काय झालं, हे सांगायचं राहिलंच. त्या वर्षी तो परत आला. केळी खाऊनही पाव किलो कमी भरला. वर्षभर त्याच्या आईने घरातलं दूध डेअरीला घालायचं बंद केलं आणि त्याला पाजलं. पुढच्या वर्षी तो लागला. दिवाळीला मनीऑर्डर यायची तेव्हा त्याची आई फॉर्म वाचून घ्यायला माझ्याकडे यायची.

नोकरी पुरी करून आता तो गावीच असतो. गेल्या महिन्यात रस्त्यात भेटला. केस पांढरे झालेले, पण चाल अजून ताठ. मी म्हटलं, "काय रे, अंग भरलंय तुझं." तर हसत म्हणाला, "सर, शेवटी शेवटी पोट सुटलं म्हणून कॅटेगरी लागली होती. सहा महिने सकाळ-संध्याकाळ पळालो तेव्हा उतरलं. ज्या काट्याने हलका म्हणून हाकलला, त्यानेच जड म्हणून पळवला!" सध्या तो पहाटे गावातल्या भरतीच्या पोरांना माळावर पळवतो. कुणाचं वजन कमी भरत असेल त्याला आपल्या घरी बोलावून दूध-अंडी देतो, कुणाचं जास्त असेल त्याच्या आईला जाऊन सांगून येतो.

फी घेत नाही. वजनकाटा मात्र त्याने स्वतःच्या पैशाने आणलाय.